सैल

क्वांगफूच्या तटाखाली, जिथे खंदकाचं पाणी
नोव्हेंबरात कडेकडेने साय धरू लागतं,
तिथे पहाटे पावणेसहाला
हाओ युंगशेंग च्याओबाईंना ढकलतो.

रोज ढकलतो.
दिवसभर सिमेंटची पोती उतरवणारा गडी,
दोन खांद्यांच्या मध्ये
मान म्हणून काही उरलेलंच नाही.
बाई एकाहत्तर वर्षांच्या, लोकरी टोपीतल्या,
हानतानच्या सूतगिरणीत एकतीस वर्षं
तुटलेले धागे जोडून निवृत्त झालेल्या.

तो जोर लावतो, आणि जिथे लावायचा
तिथे बाई नसतात.
म्हणजे असतात. पाय तिथेच, टोपी तिथेच,
फक्त त्याच्या जोराला टेकायला जागा नसते.
अंधारात जिन्याची एक पायरी जास्त धरावी
आणि पाऊल नुसत्या हवेत पडावं, तसा तो
तटाला लावून रचलेल्या कोबीच्या ढिगात जातो.

"खांदा," बाई म्हणतात.
"तू यायच्या आधी तुझा खांदा येतो
आणि सांगून जातो."

मग त्या त्याच्या छातीवर तळहात ठेवतात,
ताप बघावा तसा.
टाच किंचित जमिनीत रुतते.
गुडघ्यातून काहीतरी वर येतं, कमरेत वळतं,
पाठीवरून सरकत, वाटेत कुणालाही न विचारता
बोटांपाशी पोचतं,
आणि हाओ पुन्हा कोबीत.
त्याला लागत नाही.
तेच त्याला लागतं.

त्या भाषेत 'सैल'चं जे अक्षर
तेच चीडाच्या झाडाचं.
आमच्याकडे चीड म्हणजे झाडही आणि रागही.
हाओला हे ठाऊक असायचं कारण नाही,
पण सध्या त्याच्यात आमचंच झाड वाढतंय.

एका सकाळी तो हात लोंबते सोडून आला,
दोरीवरच्या ओल्या टॉवेलसारखा.
बाईंनी एका बोटाने ढकललं.
कोबी.
"हे ढिलं झालं. ताठ धागा तुटतो,
ढिला गुंततो. मी सैल म्हटलं होतं."
"फरक काय?"
बाईंनी टोपी नीट केली.
सांगितलं नाही. बहुधा सांगता येत नसावा.

घरी वडील. फेब्रुवारीपासून उजवी बाजू गेलेली.
रात्री दोनला त्यांना पलंगावरून उठवून
खुर्चीत बसवायचं असतं.
जिच्यात जीव नाही ती बाजू ओल्या वाळूसारखी जड,
जिच्यात आहे ती भीतीने ताठ,
डावी मूठ हाओच्या कॉलरला.
रोज तो उपसतो. रोज पाठ धरते.
रोज दोघं एकमेकांवर ओरडतात,
वडील अर्ध्याच शब्दांत.

परवा रात्री तो इतका दमलेला होता
की खांदा वर न्यायचं विसरला.
नुसता टेकला. छातीला छाती. थांबला.
म्हाताऱ्याचा श्वास बाहेर गेला, आत आला,
पुन्हा बाहेर,
आणि पुढच्या आत येण्याबरोबर
हाओची टाच फरशीत उतरली.
वडील उठले,
भरली घागर दोराला न कळता वर यावी तसे.
कॉलरवरची मूठ
एकेक बोट करत सुटली.
कुणी काही बोललं नाही. खुर्ची करकरली.

सकाळी तो टोपी न घालताच आला, घाईने,
जणू खिशातून काहीतरी जपून आणलंय
आणि ते वाटेत निवायला नको.
बाई उभ्या राहिल्या. त्याने ढकललं.

कोबी.

पडल्या पडल्या त्याला हसू आलं.
वर तट, तटाच्या वर थोडं उजाडलेलं,
पाठीखाली गार पानं, एकही गड्डा फुटलेला नाही.
बाई वाकून बघत होत्या,
त्याच्याकडे नव्हे, गड्ड्यांकडे.
"उद्या पाचलाच ये," म्हणाल्या.
"बर्फ पडायच्या आत
हे सगळं माडीवर न्यायचंय."