तिसरं प्रूफ

आठल्येसरांच्या कादंबरीत मंडईतली एक भाजीवाली आहे.
नाव सखूबाई. दुसरं काय असणार.
सातव्या प्रकरणात, पान एकशे बारावर,
मेथीच्या जुड्या सोडवता सोडवता
ती मूल्यऱ्हासावर बोलू लागते
आणि एकशे सोळावर थांबते.

मेथी तोवर माना टाकणार.
पण ते बघणं माझं काम नाही.
माझं काम ऱ्हस्व-दीर्घ, निसटलेले अनुस्वार,
पानाच्या तळाशी एकटी पडलेली ओळ.
नारायण पेठेत, प्रेसच्या पोटमाळ्यावर, पानामागे ठरलेला दर.
'ऱ्हास'मधला र नीट उमटलाय का,
तेवढ्यापुरतं मला मत असतं.

माझी हौसाआत्या चाळीस वर्षं मंडईत बसली.
गाळा नव्हता. बाहेर, कडेला, पोत्यावर.
'समाज' हा शब्द तिच्या तोंडून मी एकदाच ऐकला,
तोही समाजमंदिराच्या भाड्यावरून भांडताना.
कोथिंबीर फुकट मागताना कोण कुठे बघतं,
कुठल्या घरची सून आज रडून आलीय,
सगळं तिला ठाऊक. बोलायची मात्र
पावशेर, अर्धा किलो.

म्हणून समासात पेन्सिलीनं लिहिलं,
हे सखूबाई बोलेल का?
उत्तर आलं हिरव्या शाईत:
ती नाही, मी बोलतोय. कुणीतरी बोललं पाहिजे.

मग एका दुपारी सर स्वतःच जिना चढून आले,
गुडघा धरत, प्रत्येक पायरीला थांबत.
बिनसाखरेचा चहा घेतला.
म्हणाले, हेच मी पेपरला अकरा वेळा लिहून पाठवलं.
दोनदा छापलं. चार ओळी.
सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभा राहिलो की
सगळे म्हणतात, सर, पार्किंगचं बोला.
कपातली साय बोटानं बाजूला करत म्हणाले,
सखूबाई तसं म्हणत नाही.

माणूस वाईट नव्हता.
मी 'मूल्यऱ्हास' सतरा ठिकाणी तपासून दिला.

फक्त एकशे चौदावर, भाषणाच्या ऐन मध्यात,
कुठून कोण जाणे, एक ओळ आली होती:
'जरा सरका, काटा दिसंना.'
कोणाला म्हणते, कळत नाही.
पुढच्या वाक्यात ती पुन्हा संस्कृतीकडे वळते.
तिसऱ्या प्रुफात नेमकी तीच ओळ
हिरव्या रेघेनं खोडलेली. शेजारी: ओघ तुटतो.

खूप वेळ पानावर हात ठेवून बसले.
खाली लकडी पुलाकडे जाणाऱ्या रिक्षांचे हॉर्न.
मग त्या ओळीखाली बारीक टिंबं दिली, एकेक करून.
आमच्या धंद्यात त्याचा अर्थ, राहू द्या.
ऑपरेटर जयवंतनं काही विचारलं नाही.
तो टिंबं बघतो, माणसं बघत नाही.

प्रकाशनाला टिळक रोडवरचा छोटा हॉल होता.
सरांनी सातवं प्रकरण स्वतः वाचलं.
त्या ओळीपाशी आले आणि अडखळले.
मागच्या रांगेत कोणीतरी हसलं,
मग पुढची रांग, मग सगळा हॉल.
सरांनी चष्म्यावरून वर पाहिलं
आणि माइकपासून एक पाऊल बाजूला झाले.

असं मी लिहिते.
खरं तर मी गेलेच नव्हते.
त्या संध्याकाळी दहावीच्या गाईडची बासष्ट पानं होती,
भूमितीची, आकृत्यांसकट.
सरांना बाजूला केलं ते मीच, इथे बसून.
त्यांच्या जागी कोणी हसलंही नसेल.
आणि ती रडून आलेली सून?
आत्यानं कधी सांगितलं मला तसं?
ती रात्री दमून यायची, पाय चेपून घ्यायची,
चिल्लर मोजता मोजता झोपायची.

उद्या ही कविता कोणी तपासायला घेतली
तर विचारेलच समासात, पेन्सिलीनं,
हे हौसाआत्याला ठाऊक असेल का?

माझ्याकडे हिरवी शाई नाही.