मिनिटाला किती

डब्यातला कागद अरबीत आणि इंग्रजीत होता,
घड्या उलगडल्या की गुडघ्यापर्यंत येणारा.
खोलीत तो कुणीच पुरता वाचला नाही.
मग माझ्या अंगानेच तो वाचायला घेतला,
एकेक ओळ, सावकाश.

पहिल्या दिवशी नाक खाजलं.
दुसऱ्या दिवशी जीभ टाळूला चिकटली
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी.
तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी काहीच नाही.
म्हणजे खरोखरच काही नाही.
संडासात बसायचो, बाहेर रांग,
आणि पोटात कुणीतरी काँक्रीट ओतून
फळ्या काढायला विसरलेलं.

आठवडाभरात माझं पोट अख्ख्या कॅम्पचं झालं.
शशिधरनने पपई आणली,
नेपाळी पोराने कोमट पाण्यात इसबगोल,
मेसच्या आचाऱ्याने चार सुके अंजीर, वर सल्ला फुकट.
नवव्या दिवशी मी दार उघडून बाहेर आलो
तर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.
हसलो. हसताना कंबर दुखली नाही.
हे त्या गोळीचं. नाकारत नाही.

हिद्दची गोदी, जहाजाची टाकी,
परांचीची एक फळी सुटलेली.
अकरा फूट. दोन मणके.

दर बारा तासांनी एक, पांढरी.
फार्मसीतली बाई सीपीआर कार्ड बघायची, सही घ्यायची,
मग गोळ्या दोनदा मोजायची
सोनाराने गुंजा मोजाव्यात तशी.
दुखणं त्याने गेलं नाही.
शेजारच्या खोलीत जाऊन बसलं,
भिंतीपलीकडच्या टीव्हीसारखं ऐकू येत राहिलं.
पण जाताना ते एकटं गेलं नव्हतं.

गुरुवारी सुगंधाचा फोन आला.
आत्या गेली, म्हणाली.
दाभोळची आत्या. टायफॉइडात तीन रात्री
माझ्या कपाळावर कोलन वॉटरच्या पट्ट्या बदलणारी.
मी म्हटलं, बरं.
मग विचारलं, लाईट आहे का तुमच्याकडे?
पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.
नंतर मी रडू यायची वाट बघत बसलो,
थांब्यावर बसची बघतात तशी.
समोरून वाळू उडत गेली, बाकी काही नाही.

एका रात्री जाग आली, पाण्याच्या तळातून वर यावं तशी.
तोंडावर उजेड. नाकासमोर एक तळवा.
मोतालेब. दिवसा क्रेनला हाताने खुणा करणारा,
आता मोबाईलवर सेकंद लावून वाकलेला.
"एगारो," म्हणाला. अकरा.
दहाच्या खाली गेले तर लगेच फोन कर,
असं नर्स जिन्सीने त्याला सांगितलं होतं. मला नाही.
किती रात्री, विचारलं तर बोटं दाखवली,
दोन्ही हातांची, मग वर दोन.
आणि त्याची बस पहाटे साडेचारला.

त्या लांबलचक कागदावर
मोतालेबचे लाल डोळे कुठल्या ओळीत असतील?

डॉक्टरने डोस अर्धा केला. मग त्याचा अर्धा.
काटा येई, घाम येई, नाक वाही,
पाय रात्रभर सायकल चालवत.
दुखणं परत आलं ते चप्पल न काढता आत.

आणि आत्या आली
मुहर्रकच्या एका पाकिस्तानी न्हाव्याकडे.
दाढी झाली, त्याने हातावर कोलन वॉटर घेतलं,
गालाला लावलं, आणि मी खुर्चीत
असा हमसून रडलो की तो बिचारा
वस्तरा कुठे लागला ते शोधत राहिला.
पैसे घेईना.

आज गोळी नाही.
कंबर जागी आहे, म्हणून मीही.
खालच्या बंकवर मोतालेब तोंड उघडं टाकून झोपलाय,
एक हात बाहेर, अजून कसली तरी खूण करत असल्यासारखा.
घड्याळ बघून मी मोजले.
सोळा.
खात्रीसाठी परत मोजले.
पंधरा.