उजवी सीट

चॅलेंजरमध्ये मी उजवीकडे बसतो.
समोर स्टिअरिंग नाही,
एक कप्पा आहे, त्यात मलकानी शेठची बडीशेपेची डबी.
तरी स्वारगेटला हवालदार काच वाजवून
लायसन माझ्याकडेच मागतो.
मी डावीकडे बोट दाखवतो.
तो वाकतो, बघतो, हसतो,
आणि मग विचारतो जे पुण्यात सगळेच विचारतात:
ॲव्हरेज किती?

चार. उतारावर.

नाना पेठेतल्या गॅरेजातून मला पाठवतात ते एवढ्यासाठी:
ओव्हरटेकला ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणायचं,
मॉलमध्ये पार्किंगची पावती घ्यायची,
गतिरोधक दिसला की मोठ्यानं ओरडायचं.
कात्रजच्या बोगद्यात शेठ दोन्ही काचा खाली करतात,
गिअर उतरवून पाय दाबतात.
गाडी बहुतेक त्या बोगद्यासाठीच घेतली असावी.

चॅलेंजर म्हणजे सोसायटीची चेअरमन.
वळायला वेळ लावते,
पण खड्डा मनाला लावून घेत नाही.

धाकट्या मलकानींच्या मस्टँगला चाक आपल्या बाजूला,
पोलिसांशी भानगड नाही. भानगड नाकाशी.
म्हात्रे पुलाअलीकडे एक गतिरोधक आहे,
ना पट्टा, ना पाटी, रात्रीत कोणीतरी घातलेला.
तिथं ती तिरकी घ्यावी लागते,
ठेंगण्या दारातून उंच माणूस शिरतो तशी,
एक खांदा आधी.

आणि डॉक्टर गझदर बाईंची कॅमॅरो.
आत बसलं की गडाच्या जंगीतून बघावं तसं दिसतं.
तोफ डागता येईल,
रिक्षा दिसणार नाही.

रविवारी चाकणच्या पुढे
एका कंपनीचा चाचणीचा रस्ता भाड्यानं मिळाला.
नौशाद उस्तादांनी टायरांची हवा दोन-दोन पौंड उतरवली,
वहीत तीन रकाने आखले.

सरळ रस्त्यावर चॅलेंजर सुटली
तेव्हा सकाळचा वडा माझ्या पाठीला जाऊन लागला.
वळणावर मात्र तिचं नाक ऐकेना,
कुळव सरीबाहेर ओढत जावा तशी गेली.
मस्टँगची शेपूट सुटते,
पण सांगून सुटते. सावरायला वेळ देते.
कॅमॅरो काही बोललीच नाही.
बाई भूलतज्ज्ञ आहेत; तसंच चालवतात,
वळण कधी संपलं ते वळणालाही कळू नये.

घड्याळानं तिलाच पहिली केली, साडेतीन सेकंदांनी.

थोरले म्हणाले, घड्याळाला काय कळतंय,
गाडी रोज चालवायची असते.
धाकटे म्हणाले, रोज तू इनोव्हानं जातोस.
बाई थर्मासातला चहा पीत होत्या.

उस्तादांनी चॅलेंजरची चावी माझ्याकडे फेकली.
ब्रेक तापलेत. एक फेरी हळू मार.

डावीकडून चढलो.
गिअर टाकायला डावा हात गेला, दारावर आपटला.
परत गेला, परत आपटला.
पंचवीस वर्षांची सवय, एका फेरीत कुठं जाणार.
साठच्या वर नेली नाही.
बाजूची सीट रिकामी,
‘आहे’ म्हणायला कोणी नाही, ‘नाही’ म्हणायलाही,
आणि अख्ख्या रस्त्यावर एकसुद्धा गतिरोधक नाही.
तरी ओरडलो एकदा.

वहीत माझ्या फेरीचा रकाना नव्हता.

रात्री स्प्लेंडरवरून कोंढव्याला जाताना
मागून संजीवनी म्हणाली,
अहो, सरळ घ्या की. असा तिरका का घेताय ब्रेकर?

मी म्हटलं, नाक लागतं.