येळवशीला आलेला फोन

येळवस. औशातली दुकानं झाडून बंद.
मी शेतात, कडब्याच्या कोपीशी,
हातात भज्जीचा द्रोण, अन् खिशात फोन थरथरतोय.
कासेलहून दैवशाला.
रात्रपाळी करून आत्ताच खोलीवर आलेली,
पुढ्यात जुना लॅपटॉप, दीडशे युरोचा,
कुण्या मास्तराचा, तो गेल्यावर मुलीनं विकलेला.
"सर, भाषा विचारूलालाय. कुठली देऊ?"

ती क्लासला यायची तेव्हा माझ्याकडं सहा संगणक होते,
त्यातले चार चालू.
ज्या भाषेत आले त्याच भाषेत ते जुने झाले.
भाषा निवडायची असते
हे मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं फोन पडद्यापुढं धरला.
यादी सरकू लागली :
टोप्या घातलेली अक्षरं, ठिपके दिलेली,
उर्दू तेवढी मी ओळखली, आमच्या गल्लीतल्या पाट्यांमुळं,
आणि एकाएकी
शिरोरेघ.
"सर, मराठी मराठीतच लिहिलंय की वो!"
दाबलंसुद्धा. माझं मत
भज्जीसोबत गार होत राहिलं.

मग पासवर्ड. जुनाच, क्लासमधला.
चुकीचा. परत टाकला. चुकीचा.
"बघून टाक," मी म्हटलं.
"बघायचं नाही असं तुम्हीच शिकवलाव."
खरं होतं. पट्टी घेऊन उभा राहायचो मी.
शेवटी तिनं अक्षरं मोठ्यानं वाचली तेव्हा कळलं :
तिथल्या कळफलकावर Y च्या जागी Z बसलेला,
आणि Y पार खाली, डाव्या कोपऱ्यात, शिफ्टच्या शेजारी.
तिचं बोट मात्र औशातल्याच जागेवर पडत होतं.
येळवस लिहायची ती,
अन् उमटायचं झेळवस.
कोपीतले सगळे हसले. ती पण हसली,
मग नाक ओढल्याचा आवाज आला.
मी आंबिलीची चव विचारल्यासारखं काहीतरी बोललो.

ज्वारी काढायला आली तेव्हा दुसरा फोन.
"सर, ही मराठी लई परकी वाटते.
कृपया प्रतीक्षा करा म्हणते.
आपल्यात कुणी कधी प्रतीक्षा केलीय का?
माय म्हणती, थांब की गं जरा."
मी म्हटलं, मग इंग्रजी कर.
"नको. जर्मन केलंय."

वॉर्डात एक म्हातारी, फ्राउ लिंडनाउ,
पोराचं नाव विसरते, पण व्याकरण चुकू देत नाही.
रात्री दैवशाला नोंदी भरत होती,
बटणावरचा शब्द तोंडातल्या तोंडात घोकत :
श्पायशर्न, श्पायशर्न.
म्हातारी उशीवरून म्हणाली,
हा शब्द यंत्राचा नाही, पोरी, आमच्या गव्हाचा आहे.
माळ्यावर धान्य साठवायचे, तो श्पायशर.

"सर, म्हणजे बळदच की!
आमच्या भिंतीत होतं. तोंड एवढुसं.
घरात मीच बारीक, म्हणून मलाच आत सोडायचे.
आत अंधार, अन् ज्वारी पायाला गार लागायची."

मी दुकानात एकटाच होतो.
माझ्या पडद्यावर Save लिहिलेलं,
वीस वर्षं दाबतोय,
त्यात कधी पाय बुडाला नव्हता.

तेवढ्यात पीकविम्याचा फॉर्म घेऊन कुणीतरी आलं.
मी फोन ठेवायच्या बेतात,
तर ती घाईनं म्हणाली,
"एकच सर. एक फोल्डर केलाय, मायचे फोटो ठेवायला.
नाव देऊलाले. ब झाला.
ळ कुठंय?"

शिफ्ट धर, मी म्हटलं, आणि N.
N तिकडंही
जागच्या जागी आहे.