आत कोणीतरी आहे

ऑगस्टात बेटावर अंजिरं उकलतात
आणि मागोमाग गांधीलमाश्या येतात,
बोलावणं नसताना,
पण पंगतीत आपलं पान मांडलेलंच असणार अशा खात्रीने.

मी पावाची गाडी घेऊन चढ चढतो तेव्हा
आर्गिरोचं घर दिसण्याआधी त्याचा वास येतो.
सार्डिनच्या रिकाम्या डब्यात
तिने कॉफीची पूड पेटवलेली असते.
ज्वाळा नाही. नुसता कडू, हट्टी धूर,
अंजिरांच्या चटयांवरून रांगत जाणारा.
खिडकीत बारीक पानांचं बेसिल,
टेबलावर अर्ध्या लिंबात टोचलेल्या लवंगा.
"लवंगांचा उपयोग होतो की नाही, देव जाणे," ती म्हणते,
"पण लिंबू नटल्यासारखं दिसतं."

मेलबर्नहून मुलाचा फोन येतो, दर रविवारी.
फवारा मार, आई. दोन सेकंदांचं काम.
वरच्या उतारावर स्ट्रातिसच्या मधमाश्या आहेत,
ती सांगते, दर रविवारी.
विष काय नाव-गाव विचारून अंगावर बसतं?

जूनमध्येच तिने माझ्याकडून
पावाची एक तपकिरी पिशवी मागून घेतली होती.
मुठीत चुरगाळली, जुनी वर्तमानपत्रं कोंबली,
तोंड सुतळीने आवळलं
आणि वळचणीला टांगली.
लांबून पाहिलं तर पोळंच.
"नवी माशी जागा शोधत येते," ती म्हणाली,
"हे बघते, आणि तिला वाटतं
इथे आधीच कोणाचं तरी बिऱ्हाड आहे.
दुसऱ्याच्या दारात ती संसार थाटत नाही.
माणसांपेक्षा बरी."

मी मान हलवली.
माझी नजर पायरीवर होती.
तिथे पोलिदोरोसचे बूट असतात,
नाड्या सैल, टाचेला चिखल,
आत्ताच कोणी शेतातून येऊन आत गेल्यासारखे.
तो जाऊन चार वर्षं झाली.
चिखल मात्र ओला असतो.
दरवाज्यावरून जाणाऱ्या परक्यांना तो पुरतो.
मला नाही पुरत.
मला माहीत आहे, पूर्वी या घरात तीन पाव लागत,
आता एक,
आणि त्यातलाही अर्धा कोंबड्यांना जातो.

वळचणीला या वर्षी एकही माशी वसली नाही.

सप्टेंबरात तिने गाडी थांबवली.
शेळ्यांच्या गोठ्यात काहीतरी आहे, शिडी लाव.
मी काठी घेतली, पोतं घेतलं, गळ्याभोवती तिचा टॉवेल.
वर, वाशाला,
तळहाताएवढं पोळं.
राखाडी कागदाचं, सगळ्या पोळ्यांसारखं,
फक्त त्यात मधेमधे निळे पट्टे होते.
उजळ, रंगाच्या डब्यातला निळा.

"निळं आहे," मी वरून म्हणालो.
ती काही बोलली नाही.
मग वळून अंगणाकडे पाहिलं.
डाळिंबाखाली त्याची खुर्ची,
दर ईस्टरला तो स्वतः रंगवायचा ती.
तिच्या पाठीवर, हातांवर
बारीक पांढुरक्या रेघा,
कोणी चमच्याने रंग खरवडून नेल्यासारख्या.

"उन्हाळाभर ऐकत होते," आर्गिरो म्हणाली,
"करकर, करकर, दुपारी.
मला वाटायचं लाकूड वाळतंय."

पोळ्यावर पाच-सहा माश्या होत्या,
थंडीने सुस्तावलेल्या.
एक पंख पुसत होती.
काठी माझ्या हातात होती.

"उतर," ती म्हणाली. "शिडी हलतेय."

शिडी हलत नव्हती.
खालची दोन्ही टोकं तिने धरली होती.

मी उतरलो.
पोतं घडी करून परत दिलं.
पावाचे पैसे उद्या दे, म्हणालो,
तर ती म्हणाली, थांब,
आणि गोठ्याचं दार ओढून घेतलं,
पूर्ण नाही,
एक माशी आत-बाहेर करू शकेल एवढं उघडं ठेवून.