वरचं

एकतीस वर्षं मी दूध संघात फॅट लावली.
म्हशीला सात, गाईला साडेतीन,
पाणी घातलेलं कॅन उघडल्याबरोबर कळायचं.
एक गवळी म्हणायचा, बाई, तुमच्या डोळ्यातच लॅक्टोमीटर बसवलाय.

आता रिटायर. वैशाख.
फुलेवाडीत घर, घराला बोळ, बोळात मधुमालती,
आणि मीटरच्या पेटीच्या वर वीतभर
बुलबुलानं वाटी विणलेली:
काथ्या, वाळली मुळं,
ह्यांच्या बीपीच्या गोळ्यांची चांदीसुद्धा एक चिंधी.
आत तीन अंडी.

मी लागले कामाला.
स्टीलच्या ताटलीत भडंग ठेवलं.
मग म्हटलं, तिखट लागेल,
म्हणून धुतलं, पंख्याखाली वाळवलं, पुन्हा ठेवलं.
(हसा. भडंग धुणारी
अख्ख्या कोल्हापुरात मी एकटीच असणार.)
गुळाचा खडा ठेवला, तो मुंग्यांनी नेला.
दुधात पाव कुस्करून ठेवला.
कुंपणापलीकडून शिकलगारांच्या फातिमाभाभी म्हणाल्या,
"सुनेच्या बाळंतपणाला एवढं केलं न्हाईसा!"

केलं नाही, कारण करू दिलं नाही.
"वरचं काही नको, आई. सहा महिने. पाणीसुद्धा नको."
गौतमी हळूच बोलली, वाईट काही बोलली नाही.
मी मधाचं बोट घेऊन उभी.
बोटावरनं मध मनगटापर्यंत आला,
तेव्हा मोरीत जाऊन मीच चाटला.
मध कडू लागला असं नाही म्हणणार मी.
फॅटच्या कामात खोटं लिहायची सवय नाही.

मंगळवारी पिल्लं निघाली.
पिल्लं कसली, नुसती तोंडं.
आई ताटलीवर आली,
पाव टोचला, स्वतः खाल्ला, तारेला चोच पुसली,
आणि घरट्याकडे सरळ गेलीच नाही.
आधी लिंबावर गेली.
तिथून आली तेव्हा चोचीत अळी,
हिरवी, करंगळीएवढी, वळवळती.

जुनं रजिस्टर काढलं. हात शिवशिवत होते.
सकाळी सहा ते सात. खेपा एकोणीस.
अळी, अळी, नाकतोडा, अळी,
कोळी असावा, अळी, दिसलं नाही, अळी.
ताटलीतलं: निरंक.
खाली सही करणार होते,
पण साहेब कुठे आहेत आता.

लिंबाची तर चाळण झाली होती.
शाहूपुरीतनं औषध आणलेलं, बाटलीवर पिवळा त्रिकोण,
रविवारी ह्यांनी पंपात पाणी भरलं, नळी खांद्यावर घेतली.
म्हटलं, आज नको.
"मग कधी?"
उडू देत पिल्लं.
"झाड जाईल तोवर."
पानं जातील. पानं येतात हो.
ते माझ्याकडे बघत राहिले,
आणि पंपातलं पाणी जास्वंदीला घालून आले.

ताटली मी घासून फळीवर ठेवली.
बाहेर फक्त पाणी, मातीच्या परळात, दोन बोटं खोल.
द्यायचं म्हणजे काय काय न द्यायचं
हे असं बोळात उभं राहून शिकावं लागलं,
साठी उलटल्यावर.

बाराव्या दिवशी दोघं गेली.
तिसरं मीटरच्या पेटीवर,
शेपटी अजून बोटाच्या पेराएवढी,
ओरडतंय.
आई समोर तारेवर, चोचीत अळी,
जवळ येत नाही.
नुसती दाखवते.

बोळाच्या तोंडाशी पांढरा बोका.
मी केरसुणी घेऊन मधे.
उचलून घरट्यात ठेवावं असं दहादा वाटलं,
अकराव्यांदा वाटलं तेव्हा हात पाठीमागे बांधले,
केरसुणीसकट.

आत गॅसवर दूध होतं.
सायीचा वास आला, मग करपल्याचा,
मग ह्यांची हाक आली,
अहो, उतू गेलं!

जाऊ दे, म्हटलं.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा.
आणि तारेकडे बघत राहिले.