पाठीवरचे चौकोन

आधी काखेच्या कडेला उठलं.
काखेत नाही, कडेला,
जिथे शिवण घासते तिथे.
मग मांडीच्या आतून, मग कमरेला,
जणू शिंप्याने घेतलेलं माप
कुणी लाल पेनाने आतून गिरवत बसलंय.

खराडीच्या त्या काचेच्या इमारतीत
सातव्या मजल्यावरच्या फरशा माझ्या.
नेव्ही ब्लू पॅन्ट, नेव्ही ब्लू शर्ट, शंभर टक्के पॉलिस्टर,
इस्त्री लागत नाही, वाळायला एक पंखा पुरतो.
खिशावर मशीनने भरलेलं नाव: यशोदा.
मी यशोधरा. एक अक्षर जागेत बसेना म्हणे.

चंदननगरच्या मेडिकलवाल्याने ट्यूब दिली.
तीन दिवस स्वर्ग, चौथ्या दिवशी दुप्पट आग.
शेजारच्या लंकाताई म्हणाल्या, वांगं सोड.
सोडलं. अंडं सोडलं, सुकट सोडलं.
उष्णता आहे, सब्जा पी. प्याले.
जे बारा तास अंगाला चिकटून होतं
ते सोड, असं कुणी म्हणालं नाही.

पोखरकर सुपरवायझर दोन पावलं लांबून बोलू लागले,
"गजकर्ण नाही ना? सगळ्यांना पसरायचं."
एका सकाळी माझा कप
पॅन्ट्रीच्या बेसिनखाली, फिनेलच्या बाटलीशेजारी.
वेगळ्या कपाची गोष्ट आई सांगायची.
तिच्या गोष्टीतला फुटका होता, बाहेरच्या ओट्यावरचा.
माझ्यावर कंपनीचा लोगो होता.
नसीम आली, वाकली, कप विसळला,
त्यात स्वतःचा चहा ओतला
आणि सगळ्यांसमोर फुर्रकन प्यायली.

ससूनला केस पेपर काढला.
डॉक्टरीणबाई पोरगेली, झोप राहिलेली.
तिने अंगाआधी कॉलर उलटवून लेबल वाचलं.
मग पाठीवर चौकोनी पट्ट्या, प्रत्येकीत थेंबभर रंग.
"दोन दिवस आंघोळ नाही, घाम नाही, वाकायचं नाही."
मला हसू आलं.
बाई, मी फरशी पुसते, आणि हा चैत्र आहे.

चौथ्या दिवशी पाठीवर एकच चौकोन पेटलेला.
तिने मोबाइलवर फोटो काढून दाखवला.
माझी पाठ मी पहिल्यांदाच पाहत होते.
"निळा," ती म्हणाली. "धाग्याला घट्ट धरून राहत नाही,
घामासोबत सुटतो, कातडीत उतरतो.
निळं टाळा."

निळं टाळा.
आमच्या गल्लीच्या तोंडाशी निळं, रिक्षाच्या टपावर निळं,
चौदा एप्रिल दहा दिवसांवर,
कपाटात गेल्या वर्षीची निळी जॉर्जेट घडी करून.
बाई, तो रंग मला कसा बाधेल?
तिला वाटलं, मला समजलं नाही.
पुन्हा सांगितलं, सावकाश,
"रंग वाईट नाही हो. हा कच्चा आहे. सुती घाला."

त्या रात्री युनिफॉर्म बादलीत बुडवला.
दीड वर्षाचा जुना, तरी पाणी निळसर.
काही माझ्यात गेलं,
उरलेलं मोरीतून नाल्यात, नाल्यातून मुळामुठेत.
तिच्या पाठीवर पट्टी कोण लावणार,
आणि चौथ्या दिवशी कोण बघणार?

चिठ्ठी पोखरकरांच्या टेबलावर आहे.
"रंग सगळ्यांचा सारखा हवा, क्लायंट विचारतो."
तोवर जुन्या उशीच्या अभ्र्यांचं अस्तर लावलंय आतून,
गुलाबी फुलांचं.
कुणाला दिसत नाही. मला चालताना कळतं.

जयंतीला पांढरी सुती साडी नेसले.
आदल्या रात्री शेवटच्या पाण्यात नीळ दिली होती, चार थेंब.
लंकाताई म्हणाल्या, "पांढरी का गं? निळी कुठाय?"
उन्हात या, म्हटलं, मग बघा.
त्या आल्या, डोळ्यांवर हात धरून पाहत राहिल्या.
कंबर अजून खाजत होती, जराशी.